जुनी फटफटी आणि सातपुड्याची वाट

मोटारसायकल ह्या वाहनास मराठी माणसानें जें नांव दिलें, तें त्याच्या चाकांवरून दिलें नाहीं, वेगावरून दिलें नाहीं, किंवा तें बांधणाऱ्याच्या नांवावरूनहि दिलें नाहीं. तें त्याच्या नळींतून निघणाऱ्या आवाजावरून दिलें. ‘फटफटी’ हा शब्द शहरांतून आतां मागें पडला असला, तरी खेड्यापाड्यांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडीं अद्याप ऐकूं येतो. आणि ज्या कोणीं तो प्रथम योजिला त्याच्या कानाचें कौतुक वाटतें. हें वाहन दृष्टीस पडण्यापूर्वीं कानीं पडतें, व तें कोणाचें हेंहि पुष्कळदां कानासच आधीं कळतें. घरांत बसलेल्या माणसाच्या वांट्यास रस्त्यावरील फटफटीचा जो भाग येतो तो एवढाच.

ही नळी, म्हणजे चालू भाषेंतील ‘सायलेन्सर’, जुन्या गाडीस नवी बसवावयाची झाल्यास कोणती बसवावी, असा प्रश्न गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं उपस्थित झाला. प्रश्न दिसण्यांत मिस्त्रीच्या दुकानांतला. परंतु त्याचें उत्तर शोधतां शोधतां आम्हांस तापी ओलांडून सातपुड्याच्या माथ्यापर्यंत जावें लागलें. ती हकीकत वाचकांस सादर करीत आहें. ज्यांच्या घरीं एखादी जुनी गाडी पडवींत झांकून ठेवलेली आहे व एखाद्या तरुण मुलाचा तिच्यावर डोळा आहे, अशा कुटुंबांस ती थोडीबहुत उपयोगीं पडावी.

आमचे थोरले बंधु दादा हे अक्राणी भागांत सरकारी दवाखान्यावर डॉक्टर होते. ते नोकरीस लागले तेव्हां हा सारा मुलूख धुळें जिल्ह्यांत मोडत असे. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं झाला. घर नंदुरबारास आणि नोकरी डोंगरांत, त्यामुळें सोमवारीं पहाटे फटफटीवर बसून जावें व शनिवारीं दिवेलागणीस परत यावें, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. गाडी १९९० सालीं घेतलेली बुलेट. शनिवारीं गल्लीच्या वळणावर तिचा आवाज आला कीं वहिनी चहाचें आधण ठेवीत, आणि दादा अंगणांत गाडी उभी करून हातपाय धुऊन येत तों कप त्यांच्यापुढें येई. निवृत्तीनंतर वर्षभरांतच दादा गेले. गाडी पडवींत राहिली. दर दसऱ्यास तिला झेंडूची माळ घालावी आणि पांच मिनिटें इंजिन चालवून बंद करावें, एवढाच तिचा संसार उरला.

आतां पुतण्या शिकून मोठा झाला. शहाद्यास नोकरीस लागला. आणि वडिलांची गाडी रोजच्या वापरांत काढण्याचें त्यानें मनावर घेतलें. सायलेन्सर सडलेला होता, तो बदलणें प्राप्तच होतें. मुलास मित्रांच्या गाड्यांसारखा मोठ्या आवाजाचा हवा होता. वहिनींचा मला बडोद्यास फोन आला. त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही या आणि काय तें ठरवा. गाडी चालवायची तर त्यानें अवश्य चालवावी. पण रोज संध्याकाळीं दारांत भलतेंच कांहीं तरी येऊन थांबूं नये, एवढें पाहा.”

बडोद्याहून सुरतेस आणि सुरतेहून भुसावळच्या गाडीनें नंदुरबारास, असा माझा मार्ग. वाटेंत नवापूरचें स्टेशन लागतें. त्याच्या फलाटाचा एक भाग गुजरातेंत व दुसरा महाराष्ट्रांत आहे; एकाच बाकावर बसून दोन राज्यांत असल्याचा अनुभव तेथें घेतां येतो. नंदुरबार जवळ आलें म्हणजे ह्या दिवसांत डब्याच्या खिडकींतून मिरचीचा ठसका आंत येतो. गांवाबाहेरच्या मोकळ्या जागेंत वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारी दूरवर पसरलेल्या असतात, आणि सकाळच्या उन्हांत जमीनच लाल असल्याचा भास होतो.

घरीं पोंचल्यावर गाडीवरील चादर काढून पाहिलें, तों सायलेन्सरच्या पोटाखालीं बोट शिरेल एवढीं तीन भोकें पडलेलीं. पुतण्याचा समज असा कीं, तें पावसाच्या पाण्यानें झालें. वस्तुतः तसें नव्हे. पेट्रोल जळतें तेव्हां त्यांतील हायड्रोजनचें पाणी होतें. एक लिटर पेट्रोल जळलें असतां जवळजवळ तितकेंच पाणी वाफेच्या रूपानें नळींतून बाहेर पडतें. गाडी लांबचा पल्ला चालली म्हणजे नळी चांगली तापते व ती वाफ निघून जाते. परंतु पांच मिनिटें चालवून बंद केली, तर तीच वाफ आंतल्या थंड पत्र्यावर पाणी होऊन बसते आणि पत्रा आंतून कुजूं लागतो. म्हणजे दर दसऱ्यास पांच मिनिटें इंजिन चालवून आम्ही गाडीची जी सेवा केली, तिनेंच तिचा सायलेन्सर खाल्ला. गाडी उभीच ठेवावयाची असेल तर मुळींच चालवूं नये. चालवावयाची तर नळी पुरती तापेल इतकी, निदान अर्धा तास, रस्त्यावर न्यावी.

नंदुरबारास जुन्या बुलेटचें काम करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. दादांची गाडी त्यांच्याच हातची. त्यांच्या दुकानांत छतास टांगलेले सायलेन्सर पाहून भांड्यांच्या दुकानांत आल्यासारखें वाटतें, आणि त्यांचीं नांवेंहि ऐकण्यासारखीं आहेत. कंपनीच्या जुन्या घाटाचा, लांब व मागें निमुळता, तो ‘लाँग बॉटल’. तोच आंखूड केला कीं ‘शॉर्ट बॉटल’. इंग्लंडांतील बी. एस. ए. कंपनीच्या प्रसिद्ध शर्यतीच्या गाडीवरून नांव पडलेला तो ‘गोल्डस्टार’. कर्ण्यासारखा मागें फांकत जाणारा ‘मेगाफोन’. आणि ज्यांच्या पोटांत आवाज अडविण्याची सोय नांवालाच असते, असे ‘पंजाब’ व ‘इंदोरी’. पुतण्याचें बोट इंदोरीवर गेलें. मिस्त्रींनीं तो दुसऱ्या एका गाडीस लावून ऐकविला. दुकानाच्या पत्र्याचें छप्पर थरथरलें, समोरच्या झाडावरचे कावळे उडाले, आणि मुलाच्या तोंडावर जो आनंद पसरला तो पाहून माझ्यानें ‘नको’ म्हणवेना. “आवाज भारी शे,” मिस्त्री आपल्या अहिराणींत म्हणाले, “पण दुकानांतला आवाज दुकानांतच सोडून जायचा असतो. दोन दिवस घेऊन जा. डोंगर चढून या. मग सांगा.”

येथें एक गोष्ट उघडपणें सांगितली पाहिजे. असा सायलेन्सर रस्त्यावर नेणें हें कायद्यास धरून नाहीं. मोटार वाहन कायदा १९८८ चा; त्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ बांधणींत मनास येईल तसा फेरफार करण्यास मना करतें. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाची मर्यादा मोडणारास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीं होऊं शकतात, आणि चालविण्याचा परवानाहि तीन महिने जातो. पंधरा वर्षांहून जुन्या गाडीस पुनर्नोंदणीच्या वेळीं तपासणीस उभें राहावें लागतें, तेथेंहि हा दोष अडवितो. हें सर्व मला ठाऊक होतें. तरीहि पुतण्याचा उत्साह मोडूं नये म्हणून मी मागच्या बैठकीवर बसलों. प्रमाद माझा होता, आणि त्याची शिक्षा पुढील दोन दिवसांत मला मिळाली.

दुसऱ्या दिवशीं दुपारचें जेवण आटोपून आम्ही तोरणमाळास निघालों. गांवांतून जातांना ज्या चौकांत ९ सप्टेंबर १९४२ रोजीं शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आपल्या सोबत्यांसह गोळीबारांत बळी पडला, तेथील स्मारकापाशीं आलों, तों पुतण्याची मूठ आपोआप सैल झाली. तो कांहीं बोलला नाहीं. मीहि बोललों नाहीं. गांवाबाहेर पडल्यावर मात्र त्यानें गाडी मोकळी सोडली. सपाट रस्ता, दोहों बाजूंस केळी, पपई आणि ऊस, आणि थंडीचें ऊन. अशा ठिकाणीं मोठ्या आवाजाची गाडी मोठ्या वेगाची वाटते. वस्तुतः वेगदर्शक कांटा नेहमींच्याच जागीं होता. कान वेगाचा अंदाज फार उदारपणें करतो, हें त्या दिवशीं माझ्या प्रथम ध्यानांत आलें.

तापी आणि गोमाई ह्यांच्या संगमावर प्रकाशें हें क्षेत्र आहे. ह्यास दक्षिण काशी म्हणतात, आणि केदारेश्वराच्या देवळाशीं बारा महिने क्रियाकर्मास आलेली मंडळी असतात. दादांच्या अस्थि आम्हीं येथेंच सोडल्या होत्या. त्या ठिकाणीं क्षणभर थांबावें, असें घरून निघतांनाच ठरलें होतें. परंतु आपण कोणत्या थाटानें तेथें जात आहों ह्याचा विचार दोघांच्याहि मनांत आला नव्हता. गाडी देवळाच्या बाजूस वळली. घाटाच्या पायऱ्यांवर एक कुटुंब पिंडदानास बसलें होतें. मुंडण केलेला दहाबारा वर्षांचा मुलगा हातांत दर्भ घेऊन मंत्रामागें शब्द उच्चारीत होता. आमचा आवाज त्यांच्यावर जाऊन आदळला. गुरुजींचें तोंड हललें, शब्द ऐकूं आला नाहीं. मुलगा गोंधळून मागें पाहूं लागला. गुरुजी रागावले नाहींत. आवाज संपेपर्यंत ते हात जोडून थांबले, एवढेंच. पुतण्यानें इंजिन बंद केलें आणि पुढचा रस्ता गाडी हातानें लोटीत नेली. परत निघतांनाहि त्यानें ती मोठ्या रस्त्यापर्यंत लोटतच आणली. जवळजवळ पावणेदोनशें किलो वजनाची गाडी; मी मागून हात लावला तो त्यानें नको म्हटलें.

शहादें मागें टाकून म्हसावदमार्गें राणीपुराकडे वळलें म्हणजे सातपुडा एकदम जवळ येतो. शेतें संपतात, मोहाचीं व सागाचीं झाडें सुरू होतात, आणि मग सातपायरी घाटाचीं वळणें लागतात. येथें आमच्या सायलेन्सरची खरी परीक्षा झाली.

बुलेटचें हें जुनें इंजिन ३४६ घनसेंटिमीटरचें. त्याच्या दट्ट्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि धांव ९० मिलिमीटर. म्हणजे रुंदीपेक्षां धांव बरीच अधिक. अशा इंजिनाचा गुण हा कीं, तें सावकाश फिरतांनाहि जोरानें ओढतें. १९५५ सालीं मद्रासेस ह्या गाडीचा कारखाना निघाला. इंग्लंडांत रेडिच येथील तिचें मूळ घर पुढें बंद झालें, तरी येथें ती चालूच राहिली, त्याचें एक कारण हा चढावरचा दम होय. दादा उजव्या पायानें दुसरा गिअर टाकून सारा घाट एका लयींत चढत. त्या काळच्या ह्या गाडीस गिअर उजव्या पायाशीं व ब्रेक डाव्या पायाशीं असे. त्याच घाटांत इंदोरी लावलेली तीच गाडी दर वळणावर अडखळूं लागली. मूठ पिळावी तों आवाज दुप्पट होई, ओढ मात्र होईना. पुतण्यानें तीन ठिकाणीं पहिला गिअर टाकला.

ह्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. जळलेला वायु नळींत शिरतो तो एकसारख्या प्रवाहानें नव्हे, ठोक्यांनीं शिरतो. प्रत्येक ठोक्याबरोबर नळींत दाबाची एक लाट जाते, आणि नळी जेथें एकदम रुंद होते किंवा संपते, तेथून ओढीची लाट मागें परतते. ही परतलेली लाट वेळेवर आली तर ती आंत उरलेला धूर ओढून काढते व ताज्या हवेस जागा करून देते. अवेळीं आली तर तिचा कांहीं उपयोग होत नाहीं, उलट अडथळा होतो. नळीची लांबी, रुंदी आणि सायलेन्सरच्या आंतील पडदे हे इंजिनाच्या ज्या गतीस जुळविलेले असतात, त्याच गतीस लाट वेळेवर येते. शर्यतीच्या गाडीची मोकळी नळी तिच्या प्रचंड गतीस जुळविलेली असते. ती घाट चढणाऱ्या बुलेटास लावणें म्हणजे धांवपटूचा श्वास ओझें वाहणाऱ्या माणसास घ्यावयास सांगणें होय. ‘सायलेन्सर जितका मोकळा तितकी शक्ति अधिक’ हा समज आमच्या तरुणांत फार पसरलेला आहे. तो अर्धवट खरा आहे म्हणूनच अधिक फसवा आहे.

दुसरा परिणाम गाडी उताराला लागल्यावर दिसला. मूठ सोडतांच नळींतून फट् फट् असे बार निघूं लागले. तरुणांस हे बार आवडतात. परंतु ते शक्तीचे नसून उपासमारीचे असतात. नळी मोकळी झाली म्हणजे हवा अधिक वाहते, पण कार्ब्युरेटरांतील पेट्रोलाचें भोंक, ज्यास जेट म्हणतात, तें जुन्याच मापाचें राहतें; मिश्रण विरळ होतें, तें इंजिनांत धड जळत नाहीं, आणि तापलेल्या नळींत जाऊन पेटतें. नळीचा सांधा सैल असला तर बाहेरची हवा आंत शिरून त्यास साह्यच करते. वर पोंचल्यावर प्लग काढून पाहिला, तों तो पांढराफटक. चांगल्या इंजिनाचा प्लग बदामी किंवा विटकरी दिसला पाहिजे. पांढरा प्लग म्हणजे इंजिनास ताप भरल्याची खूण. इंजिनापाशींची बेंडपाइपहि निळी पडूं लागली होती.

तोरणमाळ हें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें साडेअकराशें मीटर उंच आहे. यशवंत तलावाचें पाणी संध्याकाळीं अगदीं निश्चल असतें, आणि काळोख पडल्यावर शांतता इतकी दाट होते कीं, पाण्यावरून येणारें कुत्र्याचें भुंकणें कोसभर दूरचें कीं हातभरावरचें हें कळत नाहीं. रात्रीं कडाक्याची थंडी पडली. सकाळीं गाडी सुरू केली, तों आश्चर्य असें कीं बार जवळजवळ बंद झालेले! पुतण्यास वाटलें, दोष आपोआप गेला. खरें कारण निराळें. ह्या उंचीवरील हवा खालच्यापेक्षां जवळजवळ एक दशांशानें विरळ असते. हवा कमी झाली म्हणजे त्याच जेटमधून येणारें पेट्रोल तिला तुलनेनें अधिक होतें, आणि भुकेलेलें मिश्रण पुन्हां ताळ्यावर येतें. खालीं उतरतांच आजार परत आला. म्हणून जेटचें माप ठरवावयाचें तें आपण जेथें नित्य राहतों तेथील हवेवर ठरवावें, सहलीच्या ठिकाणच्या हवेवर नव्हे.

परंतु तोरणमाळास आम्हांस जें खरें शिकावयास मिळालें तें यंत्रशास्त्र नव्हतें. चहाच्या टपरीवर जवळच्या पाड्यावरील एक वृद्ध पावरा गृहस्थ बसले होते. त्यांनीं गाडीच्या टाकीवरील जुना पोचा पाहिला, उठून त्यावरून हात फिरविला, आणि विचारलें, “ही डॉक्टरसाहेबांची ना?” पुतण्या म्हणाला, “हो, मी त्यांचा मुलगा.” मग ते सांगूं लागले. दादा लस टोंचावयास येत तेव्हां त्यांची गाडी खालच्या वळणावर असतांनाच पाड्यावर ऐकूं येई. आवाज मोठा नव्हता, पण ओळखीचा होता. तो ऐकला कीं पोरें निरोप घेऊन घरोघर धांवत, शेतांत गेलेल्या बाया परत येत, आणि डॉक्टर येऊन पेटी उघडीत तों सगळीं मुलें झाडाखालीं जमलेलीं असत. इतकें सांगून ते थोडे थांबले आणि अगदीं सहज म्हणाले, “काल रात्रीं तुम्ही आलांत, तेव्हां आम्हांस वाटलें, कोणी दंगा करायला आलें. आम्हीं दारें लावून घेतलीं.”

पुतण्यानें त्यांस वांकून नमस्कार केला. घाट उतरेपर्यंत तो माझ्याशीं एक शब्द बोलला नाहीं.

परततांना शहाद्याहून सारंगखेड्याकडे वाट वांकडी केली. दत्तजयंतीच्या सुमारास तेथें तापीच्या कांठीं एकमुखी दत्ताची यात्रा भरते, आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. निरनिराळ्या प्रांतांतून आणलेलीं जनावरें तेथें ओळीनें बांधलेलीं असतात. ह्या वेळीं यात्रेच्या पुष्कळ अलीकडेच पुतण्यानें आपण होऊन गाडी बंद केली व एका झाडाखालीं लावली. आम्ही पायीं निघालों. तेवढ्यांत दुसऱ्याच कोणाची एक तशीच गर्जणारी मोटारसायकल बाजाराच्या कडेनें गेली, आणि आमच्यासमोरची एक पांढरी घोडी कान मागें टाकून दोन पायांवर उभी राहिली. तिला आंवरतां आंवरतां दोन माणसें घामाघूम झालीं. घोडीचा मालक शांत मनुष्य होता. त्याच्यापाशीं आम्ही बराच वेळ बसलों, आणि घोडा कसा घ्यावा हें त्यानें पुतण्यास समजावून सांगितलें. ढोलावर नाचणारा घोडा पाहून भुलूं नये. नाचविणें हें विकणाराचें काम. घेणारानें त्याला दूरवर चालवावें, थोडें दौडवावें, आणि परत आल्यावर त्याच्या बरगडीला कान लावून दम ऐकावा. दम लवकर बसला तर घोडा खरा. “नाच चार दिवस. दम रोज लागतो,” असें तो म्हणाला. मिस्त्रींनीं दुकानांत सांगितलें होतें तेंच हें, फक्त दुसऱ्या धंद्याच्या भाषेंत.

शनिवारीं सकाळीं इंदोरी मिस्त्रींस परत केला. त्यांनीं हंसून तो छतास टांगला व कांहीं विचारलें नाहीं. मग ‘लाँग बॉटल’ घाटाचा सायलेन्सर निवडण्यास बसलों. तो निवडतांना त्यांनीं जें जें पाहिलें तें येथें देतों. सायलेन्सर प्रथम हातांत तोलून पाहावा. एकाच घाटाच्या दोन नगांत जड तो बहुधा जाड पत्र्याचा. बोटाच्या पेऱ्यानें वाजवावा. रिकाम्या डब्यासारखा खणखणला तर आंत पडदे नाहींत असें समजावें. एका टोंकास डोळा लावून पाहिल्यास प्रकाश सरळ आरपार दिसतां कामा नये. तळाशीं पाणी झिरपून जाण्यास बारीक भोंक असावें. तोंडाचें माप आपल्या बेंडपाइपशीं तंतोतंत जुळावें. ठोकून ठोकून बसविलेला सांधा पुढें फुंकतो. पट्टीचीं भोकें गाडीच्या मूळ जागीं यावीं, आणि सायलेन्सर मागच्या चाकाच्या नटास किंवा उभ्या स्टँडास घासूं नये. सांध्याची वॉशर व क्लॅम्प नवेच घालावेत. बसवून झाल्यावर इंजिन चालूं करून मागच्या तोंडावर जाड ओलें फडकें क्षणभर दाबून धरावें. सांधे घट्ट असतील तर इंजिन गुदमरून बंद पडतें, आणि कोठें फट असेल तर तेथून सूं सूं ऐकूं येऊन गाडी चालूच राहते.

दुकानांत एक यामाहा आरएक्स-१०० दुरुस्तीस आलेली होती. १९८५ पासून १९९६ पर्यंत निघालेली ही गाडी अजून तरुणांचा जीव कीं प्राण आहे. तशी गाडी किंवा जुनी राजदूत, येझदी ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं अधिकच जपावें. हीं दोन टप्प्यांचीं इंजिनें. ह्यांत नळी ही निम्मी यंत्रणाच असते; तिच्या पोटाचा फुगवटा परतणारी लाट अशा बेतानें धाडतो कीं, बाहेर पळूं पाहणारें ताजें मिश्रण ती पुन्हां आंत लोटते. पूर्व जर्मनींतील वाल्टर काडेन ह्या यंत्रज्ञानें १९५० नंतरच्या दशकांत शर्यतीच्या गाड्यांवर ह्याचें शास्त्र बसविलें. तेव्हां अशा गाडीचा सायलेन्सर कापून आंखूड करणें म्हणजे इंजिनच कापणें होय. ह्या गाड्या मंदावल्या तर पुष्कळदां नवा सायलेन्सर लागतच नाहीं. तेल जळून आंत सांचलेली काजळी खरवडून काढली कीं पुरें होतें.

आवाजाच्या मापाविषयीं एक शब्द. आपल्याकडे कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या १७५ घनसेंटिमीटरहून मोठ्या दुचाकीस ८० डेसिबलची मर्यादा घालून दिलेली आहे. डेसिबलचें गणित साधें नाहीं; ८० चे ९० झाले म्हणजे आवाजाची शक्ति अष्टमांशानें नव्हे, दहापट वाढते, आणि कानास तो सुमारें दुप्पट वाटतो. म्हणून ‘थोडासाच मोठा आहे’ असें म्हणणाराच्या म्हणण्यास अर्थ नसतो. चालविणारा आपल्या आवाजाच्या पुढें पुढें पळत असतो. तो ऐकावा लागतो तो मागें राहणारांस. पाळण्यांतलें मूल, अभ्यासाला बसलेला विद्यार्थी, आजारी वृद्ध, ह्यांस त्या गाडीपासून दुसरें कांहींच मिळत नाहीं.

सायंकाळीं गाडी तयार झाली. जेट मूळच्या मापाचा आहे हें पाहून घेतलें, प्लग नवा घातला, आणि गांवाबाहेर अर्धा तास फिरून प्लग पुन्हां काढून पाहिला; त्याचा पांढुरका रंग जाऊन बदामी छटा येऊं लागली होती. दिवेलागणीच्या सुमारास आम्ही गल्लीच्या वळणावर आलों. आवाज खोल, सावकाश आणि एकसारखा येत होता. मला मनांतून वाटत होतें कीं, हुबेहूब दादांचा आवाज आणला. आतां वहिनी काय म्हणतात कोण जाणे. त्यांस बरें वाटेल कीं दुःख होईल, हा विचार इतके दिवस केला नव्हता, तो त्या वळणावर एकदम मनांत आला, आणि पुतण्यास थांब म्हणावें असें वाटलें. परंतु गाडी अंगणांत शिरली होती.

वहिनी दारांत उभ्या होत्या. इंजिन बंद होईपर्यंत त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “हा तो नव्हे, भाऊजी. तो मधूनमधून खोकत असे.”

आम्ही दोघेहि गप्प झालों. दादांच्या सायलेन्सरला शेवटचीं कितीतरी वर्षें बारीकसें भोंक असलें पाहिजे, आणि तो खोकला त्याचा होता, हें मिस्त्रींस व मला सुचलें नव्हतें.

वहिनी पायरी उतरून खालीं आल्या. नव्या पत्र्यावर हात ठेवूं लागल्या, तों पुतण्या ओरडला, “आई, तापलेलें आहे!” त्यांनीं हात मागें घेतला, क्षणभर मुलाकडे पाहिलें, आणि म्हणाल्या, “पण वळणावरून ऐकूं येतो. तेवढें पुरे.”

आणि त्या आधण ठेवण्यास आंत गेल्या.